एसटीचं ऑफलाइन वेळापत्रक ॲप: सुरुवात एका बसस्थानकापासून

वेळापत्रकाचं ॲप करायचं म्हटलं की नवखा डेव्हलपर आधी स्क्रीन रंगवायला बसतो. नकाशा, त्यावर सरकणारी बस, तिकीट, सगळं पहिल्याच आवृत्तीत हवं असतं. फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र दोनच गोष्टी विचारायच्या असतात: पुढची गाडी किती वाजता, आणि ती आज आहे का? यातला दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. बहुतेक हौशी ॲपं तिथेच आपटतात, म्हणून या लेखातला मोठा भाग त्यालाच दिला आहे.

उदाहरणासाठी वाईचं बसस्थानक घेतलं आहे. तिथे स्वतःचं आगार आहे. एका बाजूला पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर, दुसऱ्या बाजूला सातारा, आणि मध्ये धोम धरणाच्या काठची खेडी. म्हणजे पर्यटकांच्या गाड्या आणि शाळेच्या पोरांच्या गाड्या एकाच फलकावर. खालच्या वेळा नमुन्यादाखल आहेत, त्यांच्या भरवशावर स्टँडवर जाऊ नका.

तुम्हाला कॉटलिन किंवा फ्लटर थोडंफार येतं आणि एसक्यूएलचा साधा प्रश्न लिहिता येतो, एवढं गृहीत धरतो.

पायरी १: आवाका लहान ठेवा

पहिल्या आवृत्तीत एकच स्थानक आणि तिथून सुटणाऱ्या गाड्यांची यादी. ‘इथून तिथे कसं जायचं’ हे शोधणारा भाग नंतर. भाडंही नंतर: एसटीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्यांवर चालतं, जानेवारी २०२५ मध्ये ते वाढलं, वर महिलांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांपुढच्यांना मोफत, अशा सवलती. एक आकडा चुकला तर वाहकाशी हुज्जत घालणारा प्रवासी तुमचं ॲप पुढे करेल.

सर्व्हर लागेल का, ही चिंता सोडा. समजा ३०० फेऱ्या आहेत आणि प्रत्येक फेरीला सरासरी १२ थांबे. झाल्या ३,६०० ओळी. मोबाइलवर काढलेल्या एका फोटोपेक्षाही ही माहिती लहान असते. ती फोनमध्येच ठेवण्यात काही तडजोड नाही. घाटात रेंज जाते तेव्हा तर तीच एक शहाणी जागा.

पायरी २: माहिती आणा

आधी स्थानकावरच्या फलकाचे फोटो काढा. मग चौकशी खिडकीवर वाहतूक नियंत्रकाला गर्दी नसलेल्या वेळी भेटा. फलक रंगवून वर्षं झालेली असतात. कुठली फेरी बंद पडली, कुठली अर्ध्या तासाने पुढे गेली, हे त्यांना तोंडपाठ असतं. आगार व्यवस्थापकांना एक साधं पत्र द्या: काय करताय, पैसे घेणार का, चूक झाली तर कोणाला सांगायचं. पत्रामुळे पुढचे दरवाजे सोपे होतात.

तरीही माहिती मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत लिहावा लागतो, त्यामुळे ‘वाई आगारातून सुटणाऱ्या सर्व नियतांची सध्याची यादी, सुटण्याची वेळ, मार्ग आणि वार’ एवढंच मागा (नियत म्हणजे एसटीच्या भाषेत गाडीचं ठरलेलं वेळापत्रक).

सगळं एका स्प्रेडशीटमध्ये भरा. रकाने: कुठून, कुठे, मार्गे, सुटण्याची वेळ, गाडीचा प्रकार, कोणत्या दिवशी, कुठल्या आगाराची, माहिती कुठून मिळाली, कधी तपासली. शेवटचे दोन रकाने नवखे लोक हमखास गाळतात. सहा महिन्यांनी एखाद्या वेळेबद्दल तक्रार आली की फलक खरा मानायचा की वाहकाने सांगितलेलं, हे त्या दोन रकान्यांवरूनच ठरतं.

‘मार्गे’ हा रकाना तर सोडूच नका. साताऱ्याहून महाबळेश्वरला मेढामार्गे जाता येतं आणि वाई-पाचगणीमार्गेही. ‘सातारा–महाबळेश्वर १४:३०’ एवढंच लिहिलंत, आणि गाडी मेढ्यावरून गेली, तर वाईत तिची वाट पाहणाऱ्याची दुपार वाया गेली.

बाहेरच्या आगारांच्या, वाटेत वाईला थांबून जाणाऱ्या गाड्यांवर वेगळी खूण करा. त्यांची वेळ रस्त्यावर आणि आधीच्या स्थानकांवर अवलंबून असते. स्थानिक फेरीइतकी खात्री तिथे देऊ नये.

पायरी ३: ‘आज आहे का?’

आता खरं काम. वेळापत्रक साठवण्याची जगभर चालणारी एक पद्धत आहे, जीटीएफएस. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था ट्रायमेट आणि गूगल यांनी ती सुरू केली. आत काही भारी नाही: स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराच्या काही फायली, एका झिपमध्ये. थांब्यांची एक, मार्गांची एक, फेऱ्यांची एक, प्रत्येक फेरी प्रत्येक थांब्यावर कधी पोचते याची एक. आणि दिवसांसाठी दोन: कॅलेंडर आणि कॅलेंडर डेट्स.

कॅलेंडर फाइलीत प्रत्येक सेवेसमोर, म्हणजे ठरावीक दिवशी धावणाऱ्या फेऱ्यांच्या गटासमोर, सात वारांचे सात रकाने असतात. गाडी असेल तर १, नसेल तर ०. पुढे सुरुवातीची आणि शेवटची तारीख. कॅलेंडर डेट्स ही अपवादांची फाइल: या तारखेला ही सेवा जादा (१), त्या तारखेला रद्द (२). एवढ्या दोन फायलींत एसटीचं सगळं जग बसवायचं आहे, आणि बसतं.

फलकावरच्या ‘रविवार बंद’ला सहा एक आणि एक शून्य पुरे. ‘शाळा सुरू असताना’ चालणाऱ्या फेऱ्यांना सोमवार ते शनिवार १ लावा, मग दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, सणवार एकेक करून रद्दमध्ये घाला. हे कंटाळवाणं आहे, पण जूनमध्ये एकदा बसलं की वर्ष निघतं. आठवडी बाजाराच्या जादा फेरीची सेवा वेगळी करा, एकाच वाराला १ असलेली.

यात्रा मात्र वारावर चालत नाही. मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा पौष पौर्णिमेला. २०२५ मध्ये ती १३ जानेवारीला होती, २०२६ मध्ये ३ जानेवारीला. तिथीवरून तारीख काढणारा कोड लिहायचा मोह होईल. लिहू नका. पंचांग उघडा, तारीख बघा, हाताने भरा. वर्षातून चारदोन नोंदींसाठी गणित जुळवत बसण्यात अर्थ नाही, शिवाय जादा गाड्या यात्रेच्या आदल्या दिवशी सुरू होतात की दोन दिवस आधी, हे पंचांग सांगणार नाही, आगार सांगेल.

आणि मुक्कामी गाडी. संध्याकाळी साडेआठला वाईहून निघाली, पावणेदहाला गावात पोचली, चालक-वाहक तिथेच झोपले, सकाळी सहाला तीच गाडी परत. नवखा माणूस ही एकच फेरी म्हणून भरतो. या दोन फेऱ्या आहेत, दोन वेगळ्या दिवसांच्या. समजा शनिवारी संध्याकाळी ही गाडी जात नाही. मग रविवारी सकाळी ती परत येणार कुठून? म्हणजे जाणाऱ्या फेरीच्या वारांत शनिवारला ०, तर परतीच्या फेरीच्या वारांत रविवारला ०. परतीचं कॅलेंडर नेहमी एक वार पुढे सरकवून तयार करा. फलकावर हे कुठेच लिहिलेलं नसतं. गावातल्या माणसांना ते माहीत असतं, तुमच्या ॲपलाही माहीत असलं पाहिजे.

फायली तयार झाल्या की मोबिलिटीडेटा या संस्थेचं फुकट तपासणी साधन आहे, त्यातून झिप एकदा जाऊ द्या. नसलेल्या थांब्याकडे बोट दाखवणारी फेरी, उलटी गेलेली वेळ, असल्या चुका ते लगेच पकडतं. गाडी खरंच धावते का, हे मात्र ते कसं सांगणार.

पायरी ४: वेळ मिनिटांत साठवा

वेळ मजकूर म्हणून ठेवू नका. मध्यरात्रीपासूनची मिनिटं, पूर्णांकात. सकाळी ६:१५ म्हणजे ३७५, दुपारी २:३० म्हणजे ८७०.

मध्यरात्र ओलांडणाऱ्या गाडीसाठी जीटीएफएसची एक युक्ती आहे, ती विचित्र दिसते पण फार सोयीची आहे. पुण्याहून रात्री २२:४५ ला सुटलेली गाडी वाईला १:१० ला येत असेल तर तिची वेळ २५:१० लिहायची, म्हणजे १,५१० मिनिटं. गाडी ज्या दिवशी सुटली त्याच दिवसाच्या खात्यात राहते.

याची किंमत प्रश्न विचारताना मोजावी लागते. रात्री साडेबाराला कोणी ॲप उघडलं तर दोनदा शोधायचं: आजच्या सेवांत ३० मिनिटांपुढच्या वेळा, आणि कालच्या सेवांत १,४४० अधिक ३०, म्हणजे १,४७० पुढच्या वेळा. मग दोन्ही याद्या एकत्र करून क्रम लावायचा. दुसरा शोध विसरलात तर १:१० ची गाडी यादीत येणारच नाही, आणि रात्री स्टँडवर बसलेल्या माणसाला सकाळपर्यंत काही नाही असं वाटेल.

आणखी एक: फोनचं घड्याळ वापरा, पण टाइमझोन कायम भारताचा धरा. दुबईतून गावाकडच्या आईसाठी गाडी बघणारा मुलगा दीड तास मागे असतो, फोनच्या स्थानिक वेळेवर चाललात तर त्याला सुटून गेलेली गाडी ‘पुढची’ म्हणून दिसेल.

पायरी ५: मधल्या थांब्यांच्या वेळा

फलकावर सुटण्याची वेळ असते, मधल्या फाट्यांची नसते. आणि ॲपची खरी गरज फाट्यावरच असते, कारण तिथे चौकशी खिडकी नाही.

अंतराच्या प्रमाणात वेळ वाटून टाकणं हा सोपा मार्ग. सपाटीवर चालतो, पसरणीच्या घाटात फसतो. चढणीला गाडी रखडते, उतरताना वेळ वेगळा. त्यापेक्षा प्रत्येक मार्गावर एकदा जाताना आणि एकदा येताना स्वतः बसा, खिडकीशी, आणि प्रत्येक थांब्याला मिनिटं टिपा. मिनिटांचा तोच हिशेब मग त्या मार्गाच्या सगळ्या फेऱ्यांना लावा. जीटीएफएसमध्ये ‘टाइमपॉइंट’ नावाचा रकाना आहे: १ म्हणजे नेमकी वेळ, ० म्हणजे अंदाज. तो प्रामाणिकपणे भरा आणि स्क्रीनवर अंदाजाच्या वेळेआधी ‘सुमारे’ लिहा. शक्यतो अंदाज दोनतीन मिनिटं अलीकडचा ठेवा. माणूस थोडा आधी पोचला तर उभा राहील, उशिरा पोचला तर गाडी गेली.

याच फेरीत थांब्यांची जागाही फोनवर नोंदवून घ्या. नकाशावरून घेणार असाल तर ओपनस्ट्रीटमॅप वापरता येतो, पण श्रेय देण्याची अट आहे, ‘ॲपबद्दल’ या पानावर त्यांचं नाव लिहा.

पायरी ६: डेटाबेस ॲपमध्ये घाला

एसक्यूलाइट अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत आधीपासून असतं. जीटीएफएसच्या फायली फोनवर वाचत बसू नका. तुमच्या संगणकावर पायथनच्या छोट्या स्क्रिप्टने त्यांचा एक तयार डेटाबेस बनवा आणि तो ॲपसोबत पाठवा. कॉटलिनमध्ये रूम लायब्ररीला असा तयार डेटाबेस असेटमधून उचलायला सांगता येतं. फ्लटरमध्ये पहिल्यांदा ॲप उघडल्यावर तो असेटमधून फोनच्या साठवणीत कॉपी करावा लागतो.

इंडेक्स एकच महत्त्वाचा: थांबा आणि वेळ या दोघांवर मिळून. रोजचा प्रश्न तोच असतो.

वापरणाऱ्याचे आवडते थांबे, सेटिंग, जुने शोध हे वेळापत्रकाच्या डेटाबेसमध्ये ठेवू नका. त्यांची फाइल वेगळी. वेळापत्रक बदललं की जुनी फाइल सरळ फेकून नवी ठेवता आली पाहिजे, आणि त्यात आजोबांनी जपून लावलेला ‘माझा फाटा’ पुसला जाता कामा नये. त्यासाठी थांब्यांचे क्रमांकही आवृत्तीगणिक बदलू नका.

पायरी ७: गावाचं नाव शोधणं

लोक ‘पाचगणी’ लिहितात, ‘पांचगणी’ लिहितात, कोल्हापूरचा ‘पू’ ऱ्हस्व करतात. म्हणून प्रत्येक नावाची एक शोधकळ, म्हणजे फक्त जुळवण्यासाठी सोपं केलेलं रूप, तयार करा: अनुस्वार काढा, दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करा, ‘ऱ’चा ‘र’ करा, टायपिंगमध्ये घुसणारे अदृश्य जोडचिन्हांचे वर्ण उडवा. लिहिलेल्या शब्दावर हीच प्रक्रिया करा आणि मग जुळवा. रोमन लिपीत टाइप करणारेही भरपूर, तेव्हा त्या लिपीतलं नावही ठेवा.

टोपणनावांचा वेगळा तक्ता हवाच. अहिल्यानगरला अजून ‘नगर’ म्हणून शोधतात, छत्रपती संभाजीनगरला ‘औरंगाबाद’, धाराशिवला ‘उस्मानाबाद’. दाखवायचं सध्याचं अधिकृत नाव, शोधात सगळीच चालवून घ्यायची. वडगाव, पिंपळगाव अशी नावं तर दर दोनचार तालुक्यांत एक, तिथे नावाखाली तालुका लिहा.

पायरी ८: स्क्रीन

ॲप उघडताच यादी. स्वागताचं पान नको, लॉगिन नको, लोकेशनची परवानगी तर अजिबात नको, शेवटचा पाहिलेला थांबा आपोआप उघडला की झालं. प्रत्येक ओळीत मोठ्या अक्षरात वेळ आणि शेवटचं गाव, त्याखाली मार्गे आणि प्रकार: साधी, निमआराम, शिवशाही.

सुटून गेलेली गाडी लगेच यादीतून काढू नका. २०-२५ मिनिटं फिक्या रंगात राहू द्या. एसटी उशिरा येते हे सगळ्यांना माहीत आहे, १०:०५ ची गाडी १०:०७ ला यादीतून गायब झाली तर माणूस ती गेली असं समजून घरी वळतो, आणि १०:१५ ला ती येते. दिवसाच्या शेवटच्या गाडीवर ‘शेवटची’ असा ठसठशीत शिक्का मारा. खेड्यातल्या माणसाला सगळ्यांत महत्त्वाची माहिती तीच.

देवनागरीला ओळींत जास्त उंची लागते, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. फोनचं अक्षर सर्वांत मोठं करून एकदा बघाच. अंक देवनागरी की रोमन, १२ तास की २४, हे वापरणाऱ्यावर सोडा.

पायरी ९: अपडेट

सर्व्हर लागतो तो फक्त इथे, आणि त्यावर दोनच फायली: एक इवलीशी, जिच्यात आवृत्ती क्रमांक आणि चेकसम (फाइल धड उतरली का हे ताडायचा आकडा), आणि दुसरी दाबलेला डेटाबेस. ॲपने इंटरनेट मिळालं की लहान फाइल बघायची, क्रमांक नवा असेल तर मोठी उतरवायची, तात्पुरत्या नावाने ठेवायची, चेकसम जुळला तरच जुनीची जागा घ्यायची. घाटात अर्ध्यात रेंज गेली तरी जुनं वेळापत्रक शाबूत राहतं. ‘फक्त वायफायवर’ ही अट लावू नका. खेड्यात अनेकांकडे वायफाय नसतंच, आणि फाइल काहीशे केबीची.

कॅलेंडरची शेवटची तारीख उलटली तर? बरीच ॲपं रिकामी यादी दाखवतात. त्यापेक्षा जुनंच वेळापत्रक दाखवा, वर पिवळी पट्टी: ‘हे वेळापत्रक जुनं आहे, शेवटची तपासणी अमुक तारखेची.’

चूक कळवायचं बटण प्रत्येक फेरीपाशी हवं. दाबल्यावर फेरीचा क्रमांक, थांबा आणि तारीख भरलेला व्हॉट्सॲप किंवा एसएमएस संदेश तयार व्हावा. माणसाने फक्त ‘ही बंद झाली’ एवढं लिहायचं.

पायरी १०: तपासणी आणि प्ले स्टोअर

फोन विमान मोडवर टाका आणि तारखा बदलत बसा: रविवार, दिवाळीतला सोमवार, यात्रेचा दिवस, ३१ डिसेंबरची रात्र साडेबारा. मग छापील यादी घेऊन वाहतूक नियंत्रकाशेजारी बसा आणि एक दिवसाच्या फेऱ्या ताडून पाहा.

प्ले स्टोअरवर खातं काढायला एकदाच २५ डॉलर लागतात. नव्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ते १२ जण रोज एसटीने जाणाऱ्यांतून निवडा, कॉलेजच्या मित्रांतून नको. सरकारी माहिती दाखवणाऱ्या ॲपने स्रोत सांगावा लागतो आणि आपण अधिकृत असल्याचा भास होऊ द्यायचा नसतो. महामंडळाचं बोधचिन्ह वापरू नका, आणि वर्णनात पहिल्याच ओळीत ‘हे महामंडळाचं अधिकृत ॲप नाही’ असं लिहा.

गाडी बदलून जायचं असेल तर

वाई पक्कं झालं, सातारा आणि मेढा जोडले, की ‘वाईहून मेढ्याला कसं जाऊ’ हा प्रश्न येणारच. त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. २०१३ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरुहच्या संशोधकांनी मांडलेली कनेक्शन स्कॅन ही पद्धत नवख्यालाही एका बैठकीत लिहिता येते. आज धावणाऱ्या प्रत्येक फेरीचे दोन लगतच्या थांब्यांमधले तुकडे करा आणि सुटण्याच्या वेळेनुसार एका रांगेत लावा. प्रत्येक थांब्यासमोर ‘इथे लवकरात लवकर कधी पोचता येतं’ हा आकडा ठेवा, सुरुवातीला अनंत, निघायच्या थांब्याला आत्ताची वेळ. मग रांग एकदाच वरून खाली वाचा. तुकडा सुटण्याआधी तुम्ही त्या थांब्यावर पोचत असाल, किंवा त्याच गाडीत आधीपासून बसलेले असाल, तर पुढच्या थांब्याचा आकडा सुधारा. रांग संपली की उत्तर तयार. काही हजार तुकडे साधा फोनही क्षणात वाचतो.

गाडी बदलायला किमान किती वेळ धरायचा, हे संशोधक सांगत नाहीत. साताऱ्याच्या स्टँडवर पाच मिनिटांत गाडी बदलता येते, पण पहिली गाडी वेळेवर आली तर. एसटीसाठी २० मिनिटं धरा. दुसरी गाडी त्या दिवसाची शेवटची असेल तर ४५ धरा, तेवढी फट नसेल तर तो पर्याय यादीत आणू नका, त्याच्या आधीची जोडी दाखवा.